डोंगरापलीकडचा फोन : बोलणे तुटते कुठे आणि जोडावे कसे



भाताच्या करप्यावर लिहा, अशी पत्रे दर पावसाळ्यात येतात आणि मीही दर पावसाळ्यात लिहितो. आज मात्र करप्यापासून सुरुवात करून मी तुम्हांला वेगळ्याच वाटेने नेणार आहे. आमच्या तालुक्यातल्या एका बाईंचे भात करप्याने गेले. त्यात बुरशीचा जितका दोष होता तितकाच टेलिफोनचा होता, आणि थोडा माझाही.

त्या बाई राहतात तो पाडा डोंगराच्या पलीकडे आहे. खालच्या गावात मोबाइलला रेंज मिळते, पाड्यावर मिळत नाही. फोन करायचा तर खिंडीपर्यंत चढून यावे लागे. खालच्या गावातल्या दूध संस्थेचे चिटणीस हौशी गृहस्थ. त्यांनी आयटीआय झालेली तीन-चार पोरे हाताशी धरली आणि वायफायच्या पाच पेट्या खांबांवर चढवल्या. पहिली संस्थेच्या गच्चीवर, दुसरी शाळेवर, तिसरी टेकडीवरच्या देवळाजवळ, चौथी तिठ्यावरच्या आंब्याशेजारी आणि पाचवी पाड्यावर. प्रत्येकीला सौर पॅनल आणि बॅटरी. तार कुठेही नाही. एक पेटी दुसरीला ऐकते, दुसरी तिसरीला सांगते, असे करत शब्द डोंगर ओलांडतो. अशा रचनेला इंजिनियर लोक ‘मेश’ म्हणतात, म्हणजे जाळे. बाहेरच्या फोनशी त्याची जोड नव्हती. संस्था, शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि पाडा यांच्यातला आपसांतला फोन, इतकेच.

मी दर मंगळवारी संध्याकाळी संस्थेत बसतो हे पाड्यावर माहीत होते. श्रावणातल्या एका मंगळवारी फोन वाजला.

“साहेब, भाताच्या पानांवर डोळ्यासारखे ठिपके पडल्यात. मधी राखाडी, कडेनं तांबडे.”

मी म्हणालो, “मावशी, हा करपा आहे. युरियाचा दुसरा हप्ता आत्ता टाकू नका. मी उद्या येऊन बघतो.”

आवाज हिसके खात होता. त्या “हां, हां” म्हणाल्या आणि मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ओढ्याला पूर आला. मी पाड्यावर पोचलो पाचव्या दिवशी, तेव्हा युरिया टाकून झाला होता. करपा लागलेल्या भाताला नत्र दिले की पान कोवळे, लुसलुशीत होते आणि बुरशीला मेजवानी मिळते, हे तुम्ही जाणताच. पुढे लोंब्यांच्या माना काळ्या पडल्या आणि पंधरा गुंठ्यांतल्या निम्म्या लोंब्या पोकळ राहिल्या.

बाईंनी मला बोल लावला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “साहेब, तुम्ही टाक म्हणालात म्हणून तर उसनवारीनं पोतं आणलं.”

मी ‘टाकू नका’ म्हणालो होतो. पाड्यावर ‘टाक’ एवढेच पोचले. उरलेला तुकडा देवळाच्या टेकडीवर किंवा आंब्याच्या पानांत कुठेतरी राहिला. एक सेकंदसुद्धा नाही, त्याच्या निम्म्याहून कमी वेळ.

गणपतीत माझा भाचा पुण्याहून आला. तो दूरसंचार खात्यातला नव्हे, खाजगी नोकरीतला इंजिनियर. त्याला घेऊन आम्ही पाचही खांब फिरलो. त्याने जे समजावले आणि पुढे मी स्वतः वाचून पारखून घेतले, ते तुमच्यापुढे ठेवतो. आज पुष्कळ गावांत तरुण मंडळी अशा पेट्या बसवू पाहत आहेत, आणि पेटी बसली, दिवा लागला की काम झाले अशी त्यांची समजूत होते.

दूध आणि ज्वारी

आपण बोलतो तेव्हा पेटी त्या आवाजाचे बारीक काप करते. साधारण २० मिलिसेकंदांचा एक काप, म्हणजे एका सेकंदाचे ५० काप. प्रत्येक काप एका पाकिटात जातो आणि पाकिटावर पत्ता पडतो. नेहमीच्या पद्धतीत कापाचे वजन १६० बाइट आणि पत्त्याचे ४० बाइट. आवाज दाबून लहान करण्याची एक पद्धत आहे, तिच्यात काप २० बाइटचा होतो, पण पत्ता ४० बाइटचाच राहतो. पत्रापेक्षा लिफाफा जड, असा तो प्रकार!

आता ज्वारीचे पोते आज निघाले आणि उद्या पोचले तर ज्वारी काही नासत नाही. चित्र, पत्र, सातबाऱ्याचा उतारा हे सगळे ज्वारीच्या जातीचे. बोलणे मात्र दुधाच्या जातीचे. ‘नका’ हा शब्द ‘टाकू’नंतर लगेच पोचला तरच उपयोग. दोन सेकंदांनी पोचला तर ऐकणारी पेटी तो फेकून देते, कारण बोलणे पुढे गेलेले असते. म्हणून बोलण्याच्या वाटेत दोन रोग पाहायचे. एक उशीर. दुसरा म्हणजे एक काप लवकर, दुसरा उशिरा, तिसरा चौथ्याच्या मागून असे येणे. या दुसऱ्या रोगाला जिटर असे नाव आहे. आपण त्याला हिसके म्हणू.

उशीर किती चालतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एका बाजूच्या प्रवासाला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चांगला मानला आहे, आणि ४०० च्या पलीकडे जाऊ नये असे सांगितले आहे. ज्यांनी पूर्वी उपग्रहावरून लागणारे परदेशी फोन केले असतील त्यांना आठवेल, आपण बोलायचे, थांबायचे, आणि मग दोघे एकदमच बोलू लागायचे. तो उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागे. तरीही त्या फोनवर शब्द तुटत नसे, कारण उशीर ठरलेला होता. सारखा, न हलणारा उशीर माणूस सांभाळून घेतो. हिसके सांभाळता येत नाहीत.

आमच्या जाळ्यात दोन्ही रोग होते. भाच्याने संस्थेतून पाड्याकडे एकामागून एक छोटी हाक पाठवून परत यायला किती वेळ लागतो ते मोजले. याला पिंग म्हणतात आणि ते कोणत्याही संगणकावर करता येते. दुपारी बाराला आकडे वीस-तीस मिलिसेकंदांचे आले. संध्याकाळी सातला एकदा वीस, लगेच चारशे, मग नव्वद, मग उत्तरच नाही.

“मामा, तुम्ही मंगळवारी किती वाजता बोलत होता?” त्याने विचारले.

सात वाजताच.

देवळाच्या पेटीचे दुःख

वायफायचा कायदा गावसभेसारखा आहे. आधी ऐकायचे, कोणी बोलत नसेल तरच बोलायचे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाते आणि दोघांनी मनाला येईल तेवढे थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. एका खोलीत हे ठीक चालते. डोंगरावर मात्र अडचण अशी की शाळेची पेटी आणि तिठ्याची पेटी एकमेकींना ऐकू शकत नाहीत, मध्ये टेकडी आहे. देवळाची पेटी मात्र दोघींनाही ऐकते. टेकडीच्या दोन्ही अंगांनी दोन माणसे वरच्या माणसाला एकाच वेळी हाका मारतात, तसे होते. खालच्या दोघांना वाटते रान मोकळे आहे, आणि वरच्याला दोघांचेही काही कळत नाही.

हुकलेले पाकीट पेटी पुन्हा पाठवते. जुन्या चालीच्या पेट्या सात-सात वेळा प्रयत्न करतात. पहिल्या झटक्यात गेलेले पाकीट एखाद-दुसऱ्या मिलिसेकंदात पोचते, सातव्या वेळी गेलेल्याला कितीतरी पट वेळ लागतो. हिसके जन्माला येतात ते इथे. ज्वारीच्या पोत्यासाठी सात वेळा प्रयत्न करणे शहाणपणाचे आहे. दुधासाठी दोन-तीन पुरेत. त्यात गेले नाही तर सोडून द्यावे, कारण पुढचे काप मागे ताटकळत असतात.

शिवाय मधल्या पेटीला एकाच वेळी ऐकता आणि बोलता येत नाही. आलेले पाकीट आधी घ्यायचे, मग पुढे द्यायचे, आणि तेवढा वेळ शेजारणींनी गप्प बसायचे. म्हणून टप्पे वाढले की जाळ्याची ताकद झपाट्याने घटते. अमेरिकेतील एनईसी कंपनीच्या संशोधकांनी २००६ साली १५ पेट्यांचे जाळे मांडून हे मोजले. २ मेगाबिट वेगाच्या दुव्यांवर एका टप्प्यात ८ बोलणी एकाच वेळी चालली, पाच टप्प्यांनंतर एकच चालले. आमचे टप्पे चार. त्यात संध्याकाळी सातला काय होत होते ते पोरांनी मान खाली घालून सांगितले. खालच्या गावातले इंटरनेट त्यांनी याच जाळ्यावरून पाड्यावर नेले होते, आणि संध्याकाळी पाड्यावर सिनेमा चालू असे.

सिनेमा बघू नये असे मी म्हणणार नाही. पाड्यावरच्या माणसांनी रात्री दुसरे करावे तरी काय? पण सिनेमाची पाकिटे मोठी, १५०० बाइटची, आणि ती टोळीने येतात. अशी १०० पाकिटे २ मेगाबिटच्या दुव्यावर रांगेत पुढे उभी असतील तर मागे आलेल्या ‘नका’ला ०.६ सेकंद थांबावे लागेल. हा हिशेब तुम्ही पाटीवर करून पाहा. पेट्या बनवणारे कारखाने पेटीत मोठी रांग ठेवतात, पाकीट वाया जाऊ नये म्हणून. हेतू चांगला, पण परिणाम असा की दुधाचा कॅन उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकतो.

रांग मोडायची कशी

आम्ही पहिले काम केले ते दुधासाठी वेगळे दार उघडण्याचे. वायफायमध्ये ही सोय २००५ सालापासून ठरलेली आहे. पेटीत चार रांगा असतात : बोलणे, चित्रपट, साधे टपाल आणि सवडीचे काम. बोलण्याच्या रांगेला हवेत शिरण्यापूर्वी सर्वांत कमी थांबावे लागते. सोय बहुतेक पेट्यांत असते, पण फोनने आपल्या पाकिटावर ‘हे बोलणे आहे’ असा शिक्का मारला पाहिजे. आता इथली एक गंमत सांगतो. फोनच्या शिक्क्याची भाषा आणि वायफायच्या रांगांची भाषा वेगवेगळ्या लोकांनी ठरवली. त्यामुळे पुष्कळ पेट्यांत बोलण्याचा शिक्का वाचून पाकीट चित्रपटाच्या रांगेत ढकलले जाते. दोन्ही भाषांचा मेळ घालणारा नियम २०१८ साली लिहिला गेला, पण जुन्या पेट्यांना तो कोण सांगणार? आमच्या पाचांपैकी पाचही पेट्या ही चूक करत होत्या. भाच्याने प्रत्येकीत दोन ओळी बदलल्या.

दुसरे काम, सिनेमाची रांगच आखूड करण्याचे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या दोघांनी २०१२ साली एक युक्ती मांडली. रांगेत किती पाकिटे उभी आहेत ते मोजू नका, पाकीट किती वेळ उभे राहिले ते मोजा. हा वेळ ५ मिलिसेकंदांच्या वर सतत राहू लागला की एखादे पाकीट मुद्दाम टाकून द्या. सिनेमा पाठवणारा संगणक ते ओळखतो आणि आपणहून सावकाश पाठवू लागतो. मला ही युक्ती फार आवडली. पाण्याची पातळी न बघता पिकाने किती तास पाण्यात काढले ते बघावे, अशी आहे. पेट्यांत घालायची ‘ओपनडब्ल्यूआरटी’ नावाची फुकट प्रणाली मिळते, तिच्यात ही सोय वेगवेगळ्या रांगा करण्याच्या सोयीसकट आयती आहे. त्यामुळे सिनेमा बंद करावा लागला नाही. तो थोडा अस्पष्ट दिसतो आणि लोकांची तक्रार नाही.

आंब्याचे प्रकरण

तिठ्यावरची पेटी सगळ्यांत रडत होती. उन्हाळ्यात पोरांनी बसवली तेव्हा ठीक चाले, आणि पावसाळा लागला की घसरे. पाऊस लहरी अडवतो असा पोरांचा समज होता. तसे नाही. या वायफायच्या लहरींना पावसाच्या सरी फारशा अडवत नाहीत. ओली पाने अडवतात. पालवी फुटून ओल्या पानांचा गच्च पडदा देवळाच्या आणि तिठ्याच्या पेट्यांमध्ये उभा राहिला होता.

नुसती नजर पोचली म्हणजे वाट मोकळी, असेही समजू नका. लहर दोरीसारखी सरळ जात नाही, ती मधोमध फुगते, काकडीसारखी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीला १ किलोमीटरच्या वाटेवर मध्यभागी साडेपाच मीटरपर्यंत फुगवटा असतो, आणि त्यातले आतले साडेतीन मीटर तरी चारी बाजूंनी मोकळे लागतात. खांब उभा करताना दुर्बीण नको, पण मध्ये काय आहे ते चालत जाऊन बघा. आणि बघायला जायचे ते वैशाखात नव्हे, श्रावणात.

वाट अडली की पेटी हळू बोलू लागते. बहिऱ्या माणसाशी आपण एकेक शब्द सावकाश उच्चारतो तसे. ५४ मेगाबिटने बोलणारी पेटी १ मेगाबिटवर येते. तिचे एक पाकीट जायला जितका वेळ लागतो तितक्यात इतरांची डझनावारी पाकिटे गेली असती, पण हवा एकच असल्याने सगळे थांबतात. घाटातल्या एकेरी रस्त्यावर पुढे बैलगाडी असेल तर मागची एसटीही बैलगाडीच्याच चालीने जाते. म्हणून जाळ्यातला सर्वांत कच्चा दुवा आधी दुरुस्त करावा. तो फक्त स्वतःपुरता वाईट नसतो, सगळ्यांना मागे ओढतो.

पोरे कोयता घेऊन आंब्याकडे गेली. आंब्याचे मालक आजोबा काठी घेऊन पुढे आले. “माझ्या बापानं लावलेलं झाड. तुमच्या फोनसाठी फांदी तुटायची नाही,” असे त्यांनी ठणकावले. मला ते पटले. फळबाग लागवडीचे अर्ज भरून घेण्यात माझी निम्मी नोकरी गेली, आता फांद्या तोडायला कुठे सांगू? पेटीच तीस पावले वरच्या बांधावर नेली आणि खांब पाच हात उंच केला. पिंगचे आकडे त्याच संध्याकाळी निम्म्याने खाली आले.

त्याच वेळी देवळाच्या पेटीला दुसरा रेडिओ जोडला. खालच्या बाजूशी एका वाहिनीवर बोलायचे, वरच्या बाजूशी दुसऱ्या. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींत मिसळत नाहीत, बाकीच्या शेजारच्या वाफ्यात पाणी झिरपावे तशा झिरपतात. खर्च वाढला, पण देवळाच्या पेटीचे दुःख पुष्कळ हलके झाले. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर ते मधल्या पेटीवर घाला.

शेजपाळीची गोष्ट

पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांच्या मनात एव्हाना आले असेल की, इतकी भांडणे कशाला? पाळी लावून द्या. अगदी बरोबर. कालव्यावर शेजपाळी असते, आणि धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत पाटकरी बारे ठरवून देतो. तशी लहरींचीही पाळी लावता येते. या क्षणी शाळेने बोलावे, पुढच्या क्षणी तिठ्याने. मग आदळआपट नाही, आणि प्रत्येकाचा उशीर आधीच ठाऊक. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू हे दोन प्राध्यापक कानपूरच्या आयआयटीत असताना त्यांनी लांब पल्ल्याच्या वायफाय जाळ्यांसाठी अशी पाळीची पद्धत २००५ साली मांडली, आणि पुढे मुंबईच्या आयआयटीत खेड्यांतल्या टेलिफोनसाठी तिच्यावर काम चालू ठेवले. पाळीला एक अट असते : सगळ्यांची घड्याळे जुळली पाहिजेत. मिलिसेकंदाच्या आत जुळली पाहिजेत. ते जमवायला पेटीच्या पोटात शिरून काम करावे लागते. आम्ही पाच पेट्यांसाठी त्या वाटेला गेलो नाही. पंचवीस-तीस पेट्यांचे जाळे करणाऱ्यांनी मात्र विचार करावा.

पाकिटे एकत्र बांधण्याचीही सोय असते. चार बोलण्यांचे चार काप एकाच गाठोड्यात घातले की चार वेळा हवेत शिरण्याची खटपट वाचते. वेगवेगळ्या बोलण्यांचे काप बांधा. एकाच बोलण्याचे काप साठवत बसलात तर उशीर वाढेल.

हौद केवढा असावा

इतके करूनही थोडे हिसके राहतातच. त्यांच्यासाठी शेवटच्या टोकाला, ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये, एक हौद असतो. विहिरीचे पाणी कधी जोरात, कधी धिमे येते, पण हौदात घेऊन मग ठिबकला सोडले की प्रत्येक झाडाला सारखे थेंब पडतात. तसे आलेले काप फोन थोडा वेळ साठवतो आणि मग २० मिलिसेकंदांच्या ठेक्याने एकेक सोडतो. हौद मोठा ठेवला तर मोठे हिसके पचतात, पण तो भरेपर्यंत थांबावे लागते, म्हणजे उशीर वाढतो. लहान ठेवला तर बोलणे लगेच ऐकू येते, पण एक काप मागे राहिला की हौद कोरडा.

आमचा हिशेब असा झाला. एकूण १५० मिलिसेकंद. त्यातले २० काप करण्यात जातात. ६० चा हौद, म्हणजे तीन कापांचा साठा. उरले ७०, आणि टप्पे चार. प्रत्येक टप्प्याच्या वाट्याला सतरा-अठरा. बांधबंदिस्तीचे अंदाजपत्रक करताना जसे प्रत्येक बांधाला मीटर वाटून देतो तसे हे मिलिसेकंद वाटून दिले, आणि मग एकेक टप्पा तपासला. आधीच्या फोनमध्ये हौद ठरावीक आणि फार लहान होता. आता हिसक्यांप्रमाणे लहान-मोठा होणारा घेतला आहे.

बटाटा नावाची पेटी

आपण हे सगळे पहिल्यांदाच करतो आहोत असे समजू नये. हिमाचलात धरमशाळेला तिबेटी संस्थांनी २००५ च्या फेब्रुवारीत असे जाळे उभे केले. त्याआधी जानेवारीतच सरकारने २.४ गिगाहर्ट्झची लहर घराबाहेर वापरायला परवान्यातून मोकळी केली होती. त्या डोंगरांत तीसेक पेट्या एकाच वाहिनीवर चालत आणि तिच्यावर टेलिफोनचे केंद्रही होते.

मला जास्त जवळची वाटली ती दक्षिण आफ्रिकेतली गोष्ट. ईस्टर्न केप प्रांतात मांकोसी म्हणून डोंगराळ वस्ती आहे. तिथल्या लोकांनी वेस्टर्न केप विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीने २०१२ साली दहा-बारा घरांवर पेट्या बसवल्या. कोणाच्या घरावर बसवायची ते वस्तीनेच ठरवले. पेटीचे नाव ‘मेश पोटॅटो’, म्हणजे जाळ्यातला बटाटा. तिला साधा टेलिफोन सरळ जोडता येई. पेट्यांना सौर पॅनल होते, आणि त्याच विजेवर गावकरी पैसे देऊन मोबाइल चार्ज करून घेत. फोन आपसांत फुकट, आणि जाळ्याचा खर्च चार्जिंगमधून. २०१४ साली त्यांनी रीतसर सहकारी संस्था नोंदवली. नाव ठेवले झेन्झेलेनी. खोसा भाषेत त्याचा अर्थ ‘तुमचे तुम्हीच करा’.

त्या बटाट्यांत वाट शोधण्याची जी पद्धत होती ती बर्लिनच्या हौशी मंडळींनी केलेली, ‘बॅटमन’ नावाची. प्रत्येक पेटी दर सेकंदाला ‘मी आहे’ अशी हाक देते आणि शेजारी ती पुढे देतात. ज्या शेजाऱ्याकडून एखादीची हाक जास्त वेळा ऐकू येते, तिच्याकडे जायची वाट त्या शेजाऱ्यावरून. गावाचा नकाशा कोणाजवळच नसतो! फोनच्या दृष्टीने यात एक काळजी घ्यावी. दोन वाटा साधारण सारख्या असतील तर पेटी घडीत इकडून, घडीत तिकडून पाठवते आणि पुन्हा हिसके बसतात. वाट थोडी लांब असली तरी चालेल, पण सारखी बदलू नये. आमच्याकडे वाट एकच, त्यामुळे हा प्रश्न आला नाही. तिठ्याला पर्यायी पेटी बसवली की येईल.

जाळे उभारू पाहणाऱ्यांना एक सूचना. २.४ ची लहर २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झची २०१८ पासून ठरलेल्या ताकदीच्या आत परवान्याविना वापरता येते, पण लहर मोकळी म्हणजे सगळा व्यवहार मोकळा असे नाही. गावभर जाळे पसरण्यापूर्वी, आणि बाहेरच्या टेलिफोनला जोडण्यापूर्वी तर नक्कीच, दूरसंचार विभागाकडे विचारपूस करा. पंचायतीचा ठरावही आधी घ्या. खांब उभा राहिल्यावर घेतलेल्या ठरावाला सहीसाठी फार फिरावे लागते, हा माझा अनुभव.

आणि बोलणाऱ्याने काय करावे? हे मी माझ्यापासून सुरू केले. आपल्या मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि शेवटचा शब्द आपण नेहमी हळू बोलतो. खराब फोनवर याहून वाईट सवय नाही. आता मी नकार आधी सांगतो : “नको. युरिया नको. थांबा.” औषधाचे माप असेल तर “पंधरा, एक पाच” असे दोन्ही तऱ्हांनी सांगतो, कारण पंधरा आणि पन्नास यांचे पहिले अक्षर एकच. मग समोरच्याला तेच मला परत सांगायला लावतो.

यंदा त्याच बाईंचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, आणि पाड्यावर सिनेमा चालू असल्याचे मागून ऐकू येत होते. आवाज स्वच्छ होता. पानांवर पुन्हा दोन-चार ठिपके दिसले होते. मी म्हणालो, “नको मावशी, युरिया नको. मी गुरुवारी येतो.”

“नको म्हणालात ना साहेब?”

“नको म्हणालो.”

“मग पुन्हा एकदा म्हणा,” त्या म्हणाल्या, “ह्यांनापण ऐकू द्या.” आणि त्यांनी फोन नवऱ्याच्या हातात दिला.